नऊ मिलिमीटरचा हट्ट

नृसिंह जयंतीला पोखर्णीला आपल्याच गाडीने जायचं, हा आमच्या घरातला वडिलांपासूनचा नेम. देवाचा जन्म सूर्य मावळताना होतो, त्यामुळे परभणीहून सहाच्या आत निघावं लागतं, आणि महिना वैशाखाचा. मागच्या वर्षी निघाल्यापासून बाराव्या किलोमीटरला गाडी बंद पडली. बोनेट उघडं टाकून आम्ही पाऊण तास बाभळीखाली उभे राहिलो. देवळात पोहोचलो तेव्हा जन्म होऊन गेला होता आणि लोक प्रसाद घेऊन परत फिरत होते. घरी आल्यावर बायको बोलली.

"पुढच्या जयंतीला बंद पडली की विकायची. आत्ताच सांगून ठेवायले."

"आणि नाही पडली तर?"

"तर ठेवा. पण तुमच्या त्या ग्रुपातल्या लोकांचं ऐकून रोज एक नवीन पार्ट काढायचा न्हाई."

गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, वडिलांनी घेतली तेव्हापासून एकाच घरात. ती विकायची म्हणजे काय, ते मी इथे लिहीत बसत नाही.

ग्रुप म्हणजे जुन्या गाड्यांच्या मालकांचा फोनवरचा ग्रुप. बहुतेक मंडळी मोठ्या शहरांतली. मी सगळं नीट लिहिलं होतं: हवेचं तापमान त्रेचाळीस, वेग पन्नास, बारा किलोमीटरला बंद, पाऊण तासाने आपोआप सुरू. दोन तासांत एकोणीस उत्तरं आली. त्यांतल्या चौदा जणांनी सांगितलं, थर्मोस्टॅट काढा. पाणी पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही लहानशी झडप. ग्रुपमध्ये अकरा गाड्यांचे मालक असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यांनी लिहिलं, "काका, थर्मोस्टॅट फेका, इलेक्ट्रिक पंप बसवा. विषय संपला."

मी थर्मोस्टॅट काढला. चूक तिथे झाली. मी आकड्यांवर चालणारा माणूस, पण त्या दिवशी मी सांगणारी माणसं मोजली, गाडी मोजलीच नाही.

आठवड्याभराने गाडी पुन्हा तशीच बंद पडली, गंगाखेड रस्त्यावर. तेव्हा मी पिस्तुलासारखा दिसणारा तापमापक आणला आणि रोज दुपारी बारा किलोमीटर जाऊन मोजायला लागलो. थर्मोस्टॅट नसताना पाणी एकाहत्तर अंश. परत बसवल्यावर चौऱ्याऐंशी, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच. पण इंजिनाच्या कुशीला बसवलेला पेट्रोलचा पंप? थर्मोस्टॅट नसताना एकोणऐंशी, असताना एक्याऐंशी. गाडी पाण्याने तापून बंद पडतच नव्हती. पंपातल्या पेट्रोलची वाफ होत होती, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही.

पंप ज्या दोन बोल्टांवर बसतो, ते नट लावूनही नऊ मिलिमीटर जास्त बाहेर आलेले दिसले. कारखाना लोखंड उगाच लांब ठेवत नाही. तिथे काहीतरी होतं आणि ते गेलं होतं. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बॅकेलाइटची जाड चकती ऱ्हायची सायेब तिथं. इंजिनाची गर्मी पंपाला लागू न्हाई म्हणून. मागं पंप बदलला तवा ती फुटली. मी कागदाचं पॅकिंग मारलं."

"मला सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर टायरातली हवा मोजायला बसले होते."

जुन्या स्विचबोर्डाची बॅकेलाइटची पाटी माळ्यावर होती. तीन थर कापून, घासून, व्हर्नियरने मोजून बरोबर नऊ मिलिमीटर केले. पंप बासष्ट अंशांवर आला. मी फोटोंसह सगळे आकडे ग्रुपवर टाकले.

अकरा गाड्यांच्या मालकांना ते रुचलं नाही. "चकती जाड झाली की पंप इंजिनापासून दूर जातो, त्याचा दांडा कमी हलतो. हायवेवर पेट्रोल पुरणार नाही. नव्या लोकांची दिशाभूल होतेय, पोस्ट काढा."

शंका रास्त होती, म्हणून मी तीही मोजली. पंपाची नळी बाटलीत सोडून अर्धा मिनिट इंजिन चालवलं. चकती काढून दोनशे साठ मिली आलं, चकती घालून दोनशे तीस. माझी गाडी लिटरला तेरा किलोमीटर देते. साठच्या वेगाने अर्ध्या मिनिटाला चाळीस मिलीही लागत नाही. हेही लिहिलं.

"बाटलीवाले काका, मराठवाड्यात गाडीच काय, माणूसही उकळतो," एकाने लिहिलं. त्याखाली हसणारे तेवीस चेहरे.

मी उत्तर दिलं: "पोस्ट काढणार नाही. माझा एक तरी आकडा चुकीचा दाखवा, मग काढतो." कोणीही दाखवला नाही. मला ग्रुपमधून काढलंही नाही. गाडी पुन्हा बंद पडायची वाट बघत असावेत.

या जयंतीला पावणेसहाला निघालो. हवा चव्वेचाळीस. बायको पुढे बसली होती, मांडीवर नैवेद्याचा डबा आणि हातात रिक्षावाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. बारावा किलोमीटर गेला. जन्म होताना आम्ही सभामंडपात उभे होतो. पण खरी परीक्षा परतीची. गरम गाडी तासभर उभी राहिली की पंप सगळ्यात जास्त तापतो. किल्ली फिरवली. पहिल्या फिरवण्यात सुरू झाली.

"ठेवा," बायको म्हणाली, आणि चिठ्ठी न फाडता घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मी ग्रुपवर परतीचे आकडे टाकले. अकरा गाड्यांच्या मालकांनी एकच शब्द लिहिला: "योगायोग." मी लिहिलं, "असेल. पुढच्या वैशाखातही मोजून कळवतो."

रात्री जेवताना जिंतूरच्या एका अनोळखी माणसाचा वेगळा निरोप आला. त्याच्याकडेही तशीच गाडी, तसाच आजार. "सर, नऊ मिलिमीटरची चकती करून पाठवता का?"

मी लिहिलं, पाठवणार नाही. आधी तुमचे बोल्ट किती बाहेर आलेत ते मोजा. माझं नऊ आहे म्हणून तुमचं नऊ असेलच असं नाही, आणि उद्या कोणी चौदा जण मिळून तसं म्हणाले तरी नाही.