लेसर वाकडा आहे

माझ्या सासऱ्यांच्या मते आमच्या धायरीत एकही गोष्ट सरळ नाही. रस्ता नाही, समोरच्या नव्या इमारतीची भिंत नाही, सोसायटीचे अध्यक्ष तर नाहीतच. गेल्या हिवाळ्यात त्यात लेसरची भर पडली.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काच घासघासून दुर्बिणीचा आरसा घरीच तयार केला. लग्न होऊन आले तेव्हा मला आधी ती दुर्बीण दाखवण्यात आली, देवघर नंतर. तिच्यात दोन आरसे आहेत, तळाशी मोठा आणि तोंडाशी छोटा. ते एकमेकांसमोर नेमके बसले नाहीत तर ग्रह फिसकटलेला दिसतो. पूर्वी बाबा कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीला भोक पाडून, त्यातून बघून आरसे जुळवायचे. मग माझ्या नवऱ्याने त्यांना बोटभर लांबीचा लेसर आणून दिला. डोळा लावायच्या नळीत तो बसवायचा, त्याचा लाल ठिपका मोठ्या आरशाच्या मध्यावर आणायचा आणि मागचे स्क्रू फिरवून तो आल्या वाटेने परत पाठवायचा. बाबांनी डबी कपाटात टाकली.

त्या हिवाळ्यात गुरू मला जरा पसरट दिसत होता. बाबांना मात्र त्याच्यावरचे पट्टेच दिसेनात. नेमकं त्याच सुमारास नेत्रतज्ज्ञांनी त्यांना डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. बाबा जायला तयार नव्हते.

"आधी यंत्र तपासायचं. त्यात काही सापडलं नाही, तरच माणसाकडे वळायचं," ते म्हणाले. "लेसर वाकडा आहे."

"मागे कान तपासा म्हटलं तर यांनी टीव्ही बदलला," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

मी खराडीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, त्यामुळे बाबांचं म्हणणं मला अगदी पटलं. रविवारी आम्ही पूजेच्या पाटावर दोन ठिकाणी दोन-दोन खिळे फुलीसारखे तिरके ठोकले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या देवळात निघून गेल्या. खिळ्यांच्या बेचक्यांत लेसर आडवा ठेवून जागच्या जागी गोल फिरवायचा. तो सरळ असेल तर भिंतीवरचा ठिपका हलत नाही. आमचा ठिपका हॉलच्या भिंतीवर पुरीएवढं वर्तुळ काढत होता.

बाबांचा चेहरा असा उजळला की मुलाच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. "म्हणजे इतके दिवस आपण वाकड्या पट्टीने रेघ मारत होतो," ते म्हणाले. मलाही फार बरं वाटलं. पडदा, तपासणी, सगळं त्या पुरीत मावलं.

लेसरच्या अंगाला तीन बारीक स्क्रू होते. मी ते किंचित पिळत होते, बाबा लेसर फिरवत होते. वर्तुळ आधी लिंबाएवढं झालं, मग वाटाण्याएवढं.

"थांबला?" बाबांनी विचारलं.

"थांबला."

तेही भिंतीकडेच बघत होते. मग मला का विचारलं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

संध्याकाळी गच्चीवर आरसे जुळवले. ठिपका कुठे आहे ते मी सांगायचं आणि त्याप्रमाणे बाबांनी स्क्रू फिरवायचा. किरण आल्या वाटेने परत गेला तेव्हा त्यांनी लेसर काढून भिंग बसवलं आणि मला म्हणाले, "तू आधी बघ."

गुरू इतका स्वच्छ मी कधीच पाहिला नव्हता. दोन्ही पट्टे अगदी काठापर्यंत दिसत होते आणि शेजारी चार चंद्र टाचणीच्या टोकासारखे. मी बाजूला झाले. बाबा स्टुलावर बसले आणि बराच वेळ वाकून राहिले. भिंग पुढे-मागे केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पट्टे दिसले तुला?"

हवा खराब आहे, असं म्हणता आलं असतं. धायरीत हवेला नावं ठेवली तर कोणी पुरावा मागत नाही. मला ते म्हणायचंही होतं. पण आणखी एक हिवाळा ते लेसरच पिळत बसले असते.

"दिसले, बाबा. दोन्ही. एकदम स्पष्ट."

त्यांनी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला. मग सावकाश उठले, दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं आणि ते नीट बसलंय का, हे बोटांनी चाचपून पाहिलं.

"छान जुळलेत आरसे," ते म्हणाले.

जिन्याच्या दारापाशी ते थांबले. मला या घरात त्यांच्या सूचना ऐकायची सवय आहे, विनंती मी कधी ऐकली नव्हती.

"डॉक्टरांकडे येशील का माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. "ते भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात."