वस्तादांची पाठ

देवाने माणसांच्या दोनच जाती केल्या, एक चीत करणाऱ्यांची आणि दुसरी चीत होणाऱ्यांची, यावर ज्याची पक्की श्रद्धा होती असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याच माणसाने मला नाच शिकायला पाठवलं, हे सांगितलं तर आजही कुणाला खरं वाटत नाही. वाशीमला आमच्या गल्लीत राहणारे ते पिंजारी. दिवसभर कापूस पिंजून गाद्या भरायच्या आणि सकाळ-संध्याकाळ आखाड्यात पोरांना कुस्ती शिकवायची, हा त्यांचा उद्योग. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणे. त्यांचं खरं नाव तर त्यांच्या बायकोच्याही तोंडी नव्हतं, कारण ती माउली त्यांना नुसतं 'अजी' म्हणून हाक मारी. माझे वडील मी सात वर्षांचा असताना गेले. आई गाद्यांच्या खोळी शिवायची आणि वस्ताद त्यांत कापूस भरायचे. आई त्यांना भाऊ म्हणे आणि ईदेला शीरखुर्म्याचा डबा पहिला आमच्याकडे येई.

वस्तादांना जगात कुस्तीखेरीज दुसरं काही दिसतच नसे. लग्नाला गेले तर अक्षता टाकता टाकता नवरा-नवरीकडे निरखून पाहत आणि शेजाऱ्याच्या कानात सांगत, "जोड बराबर हाय." कुणी नवीन माणूस भेटला की नमस्काराच्या आधी त्यांचा हात त्याच्या दंडावर जायचा. एकदा कचेरीत गादी पोचवायला गेले असता त्यांनी नव्या मुन्सफसाहेबांचा दंड असाच चाचपला आणि काळजीने म्हणाले, "साहेब, दूध कमी पडून राह्यलं तुमाले." पट्टेवाला धावत पुढे आला, पण साहेब भले होते, त्यांनी म्हणे दुसऱ्या दिवसापासून दुधाचा रतीब वाढवला. आखाड्यातल्या मारुतीला शनिवारचा नारळ फोडायला वस्ताद कधी चुकले नाहीत आणि शुक्रवारच्या नमाजालाही कधी चुकले नाहीत. "दोघं बी मेहनतवाल्याच्या बाजूनं हायत," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं होतं.

पण वस्तादांची खरी दौलत म्हणजे त्यांची पाठ. वीस वर्षं ते परभणीपासून अकोल्यापर्यंत दंगली खेळले, पण त्या पाठीला कधी माती लागली नाही. हा मान त्यांनी कुस्ती सोडल्यावरही इतका जपला की ते घरीसुद्धा उताणे झोपत नसत. अख्ख्या गावाला गाद्या भरून देणारा हा माणूस स्वतः मात्र कुशीवर झोपायचा, आणि नवी गादी नीट भरली आहे की नाही हेही कुशीवर पडूनच पाहायचा. एकदा तापाने फणफणले होते तेव्हा वैद्याने पोट तपासायला उताणं व्हायला सांगितलं, तर हे उठून भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "असंच पाहून घ्या." आखाड्यात आलेल्या पोराला पहिल्या दिवशी ते एकच धडा देत: "आभाळ पाहाचं असन तं उभं राहून पाहा."

मी दहाव्या वर्षी आखाड्यात गेलो तो केवळ काडीपैलवान होतो म्हणून. पाच वर्षं मी त्या मातीत लोळलो आणि एकही कुस्ती जिंकलो नाही. धरायला गेलं की मी सुटायचो, आणि सुटल्यावर पुढे काय करायचं हे मला कळत नसे. मात्र दुपारी वस्ताद ओसरीवर कापूस पिंजायला बसले, त्या मोठ्या धनुकलीची तार टण् टण् वाजू लागली, की माझे पाय आपोआप हलायला लागायचे. दुसरा कुणी असता तर त्याने दोन रट्टे ठेवून दिले असते. वस्तादांनी वेगळंच केलं. ते मध्येच ठेका बदलत, एकदम थांबत, एकदम दुप्पट लावत, आणि मी फसतो का ते पाहत. मी फसत नसे. मग कापसाचे पुंजके दाढीला चिकटलेले, असे ते आईकडे बघून म्हणायचे, "बाई, हे पोट्टं कुस्तीत निकम्मं हाय. पन याचे पाय मातीले धोका देतात."

आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी मला गणपतीच्या मेळ्यात नाचताना पाहिलं होतं. त्यांनीच एक दिवस वर्तमानपत्रातली जाहिरात आणून दाखवली. मुंबईला कुणा युरोपियन बाईंनी नाचाची शाळा काढली होती. निवडलेल्या मुलांना सहा वर्षं ठेवून घेऊन शिकवणार, जेवणखाण आणि राहणं शाळेचं, पण पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल घेणार नाहीत. मुलांची पारख करायला बाई स्वतः आधी अकोल्याला आणि मग नागपूरला येणार होत्या. मला मार्गशीर्षात पंधरा पुरी होत होती. शिवाय रिठदच्या मामांनी निरोप पाठवला होता की दिवाळीनंतर पोराला शेतीवर घेऊन जातो, शाळा पुष्कळ झाली. म्हणजे काय व्हायचं ते त्या दोन महिन्यांत होणार होतं, नाहीतर जन्मभर रिठदची जवारी राखायची. मामा वाईट नव्हते आणि जवारीही वाईट नव्हती. पण मला रडू यायचं.

आई म्हणाली, "भाऊ, लोक नाच्या म्हनतीन त्याले."

"म्हनू दे," वस्ताद म्हणाले. "मले लंगोट्या म्हनत होते. थेच लोक मंग खांद्यावर घेऊन फिरले."

त्यांनी एवढं म्हटल्यावर आईने विषय संपवला. वस्तादांच्या डोक्यात मात्र ही नाचाची परीक्षा नव्हतीच, ती दंगल होती. पोळा झाल्यापासून माझा खुराक सुरू झाला. पहाटे भिजवलेले बदाम, त्यावर दूध, मग तेलाने पोटऱ्या रगडणं. मास्तरांना रोज नवे सवाल: तिथे माती आहे की फरशी, पंच किती, बाईंचं वजन काय. शेवटच्या सवालाला मास्तर लाजले आणि ते आपल्याला ठाऊक नाही म्हणाले. अकोल्याच्या गाडीत वस्ताद आपली पुरुषभर उंचीची धनुकली घेऊन चढले, कारण माझे पाय दुसऱ्या वाजंत्रीला ओळखत नाहीत असं त्यांचं मत होतं. जऊळक्याला तिकीट तपासनीस डब्यात आला आणि हे काय म्हणून विचारू लागला. वस्ताद म्हणाले, "वाद्य हाय." तपासनीस म्हणाला, वाजवून दाखवा. वस्तादांनी तार छेडली, तशी समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजीने विचारलं, "बापू, गादी भरून द्याचं काय घेता?" आणि तपासनीसाने हसत हसत लगेजची पावती फाडली.

अकोल्याला एका शाळेच्या सभागृहात तीसेक मुलंमुली जमली होती. बाई उंच, सडपातळ, मान एकदम ताठ. ती मान पाहूनच वस्ताद निम्मे वश झाले. बाईंचं बोलणं मराठीत सांगायला एक तरुण गृहस्थ होते. वस्तादांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी खोलीला एक फेरी मारली, जमिनीला शिवून हात कपाळाला लावला, आणि मग त्यांच्या ठेक्यावर नाचलो. बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या. माझी पावलं हातात घेऊन पाहिली, आणि काहीतरी बोलल्या. गृहस्थ म्हणाले, "छान. आता जमिनीवर उताणा झोप. पाय कमरेतून किती उघडतो ते बाईंना पाहायचंय."

मी उभाच राहिलो. तीस मुलं, त्यांचे आईबाप, एवढ्या लोकांसमोर पाठ टेकायची? मी दाराकडे पाहिलं. वस्ताद डोळे मोठे करून मान हलवत होते. गृहस्थांनी दुसऱ्यांदा सांगितलं. मी म्हणालो, "नाही झोपत." तेव्हा वस्ताद पुढे आले आणि अदबीनेच म्हणाले, "बाईसाहेब, पहिले याची जोड तं दाखवा. कोन पाडते त्याले थे पाहू."

बाईंना हे कसं भाषांतर करून सांगितलं कोण जाणे; त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. नंतर ते गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी समजावलं की यात हारजीत काही नाही, नुसती हाडं तपासायची होती. मुलात गुण आहे, नागपूरला या, पण सांगितलेलं ऐकायला शिकवून आणा. परतीच्या गाडीत वस्ताद धनुकलीची तार सैल करत बसले. वाशीम यायला लागलं तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चूक माही हाय. तुही नाही."

मग महिनाभर त्यांनी मला उताणं झोपायला शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. आखाड्याचं दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, झोप. मी झोपायला जाई, आणि पाठ मातीला लागायच्या आत मान ताठ होई, टाचा रोवल्या जात, आणि अंग आपोआप कमानीसारखं वर उचललं जाई. पाच वर्षांत त्यांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. कुस्तीतलं मला एवढंच आलं होतं, आणि ते नको तेव्हा आलं होतं. वस्ताद कपाळाला हात लावत. "मी इतका चांगला वस्ताद कायले झालो?" असं एकदा म्हणालेले मी माझ्या कानांनी ऐकलं.

नागपूरला दसऱ्याच्या आधी गेलो. इथे बघ्यांची गर्दी अकोल्याच्या दुप्पट होती, आणि कुणाकडून तरी वस्तादांचं नाव कळल्यामुळे दोन-तीन जुने पैलवानही दारात येऊन उभे होते. नाच झाला. बाईंनी मला ओळखलं. गृहस्थ म्हणाले, "झोप बरं का आता." मी मनाशी ठरवून झोपलो, आणि अंगाने दगा दिला, डोकं आणि टाचा टेकलेल्या, मध्ये हाताएवढी पोकळी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मुलं हसायला लागली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मला रिठदचं शेत दिसायला लागलं.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. वस्ताद आत येत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. डोक्याचा पटका उतरवून त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि एक हात टेकून, म्हातारं माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरतं तशा बेताने, हळूहळू उताणे झाले. आधी एक खांदा टेकला, मग दुसरा. दारातल्या जुन्या पैलवानांपैकी एकाने "या अल्ला" म्हणून तोंड फिरवलं. वस्ताद छताकडे पाहत मला म्हणाले, "पाह्य. काही होत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या अंगातला सगळा ताठा गेला. पाठ जमिनीला लागली. फरशी गार होती. बाई गुडघ्यावर बसल्या, माझा पाय उचलून बाजूला नेला, वळवला, मान डोलावली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वस्तादांचाही पाय उचलून पाहिला आणि काहीतरी बोलल्या. गृहस्थ हसू दाबत म्हणाले, "बाई म्हणतात, तुम्ही चाळीस वर्षं उशिरा आलात."

माझी निवड झाली. वाशीमला परत आल्यावर ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी वस्तादांनी स्वतःच भर चौकात सांगायला सुरुवात केली. "नागपुरात एका मडमनं चीत केलं आपल्याले. पहिल्याच डावात." लोक हसत, तेही हसत. आई मात्र हसली नाही. तिने नवी खोळ शिवायला घेतली होती, तिच्यावर ती पुष्कळ वेळ नुसती वाकून बसली. त्यांना काय द्यावं लागलं ते गल्लीत तिच्याएवढं कुणाला कळलं नसेल.

त्यानंतर वस्ताद मला नाचताना एकदाच पाहायला आले. सातेक वर्षं झाली होती. आमचा अकोल्याला दुपारचा खेळ होता आणि मी एका राजपुत्राचं काम करत होतो. ते पुढच्या रांगेत बसले होते, दाढी पांढरी झाली होती. शेवटच्या प्रवेशात पाहतो तर खुर्ची रिकामी. खेळ संपल्यावर तोंडाचा रंगही न पुसता मी बाहेर धावलो. ते नाटकगृहाच्या पायरीवर बसले होते.

"वस्ताद, आवडलं नाही का?" मी विचारलं.

"आवडलं ना, बेटा. लय हलकं पाऊल पडते तुहं."

"मंग बाहेर कायले येऊन बसले?"

"बाजूच्या मानसानं सांगतलं, शेवटी तुले बाण लागते अन् तू पडतं. मले नाही पाहवत." मग ते म्हणाले, "मी पडलो थे येगळी गोष्ट हाय."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. त्यांनीच विचारलं, "मंग? पडल्यावर काय होते त्याचं?"

"उठतो," मी म्हणालो.

"कोन उठोते?"

"कोनीच नाही. आपला आपणच उठतो."

त्यांनी समाधानाने मान हलवली. "उठलाच पायजे," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून वाशीमच्या गाडीसाठी उठले. पुढे मी घरी आलो तेव्हा ते हयात नव्हते. तो राजपुत्र मी नंतर कितीतरी वर्षं नाचलो. तो उठत नाही. बाण लागल्यावर पडदा पडेपर्यंत तो तसाच पडून असतो. वस्तादांशी आयुष्यात मी एवढं एकच खोटं बोललो.