लाइन ठीक

हवालदाराला चौकीत सगळे हॅलोकाका म्हणायचे. कामच तसं होतं. पुलाच्या या टोकाला आपली चौकी, त्या टोकाला शेजारच्या देशाची. चोर इकडे हात मारायचे आणि तिकडे जाऊन निवांत पाय पसरायचे, म्हणून दोन्ही सरकारांनी करार केला, भाषणं ठोकली आणि दोन्ही चौक्यांत एकेक फोन बसवला. इकडे उचलला की थेट पलीकडे वाजायचा.

पण वाजवणार कोण? वरून परवानगी आल्याशिवाय कामाचं बोलायची सोय नाही. म्हणून वर्षानुवर्षं रोज सकाळी नुसती तपासणी. पलीकडचा जमादार म्हणायचा, "लाइन ठीक." काका म्हणायचे, "ठीक," आणि ठेवून द्यायचे. त्या माणसाचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बायको म्हणायची, "अहो, हॅलो म्हणायचा पगार घेता, घरात मात्र मिठाची गुळणी." गुडघे गेले होते आणि कामाचा कंटाळा हाडात मुरला होता.

त्या सकाळीही फोन वाजला. "लाइन ठीक. आणि ऐका, एक पोरगी..." पण काकांच्या हाताला सवय. ठीक म्हणून फोन खाली ठेवलासुद्धा.

काका तसेच उभे राहिले. कुठली पोरगी? परवानगी गेली खड्ड्यात म्हणत त्यांनी फोन उचलला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कोणी घेईना. साहेब राजधानीत, सहकार्याच्याच बैठकीला. विचारणार कोणाला?

मग काका लंगडत बाहेर गेले आणि फाटकाचा दांडा त्यांनी स्वतः पाडला. कोणाला अडवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून पलीकडून येणाऱ्या सगळ्यांनाच अडवलं. ट्रकवाल्यांनी आईबहीण काढली. "कोणाच्या हुकमानं?" पहाऱ्यावरच्या शिपायानं विचारलं. "माझ्या," काका म्हणाले. पोरगी आधीच निघून गेली असली तर हे पाप कुठं फेडायचं?

तेवढ्यात गाड्यांच्या कडेकडेनं एक जाडा माणूस पूल ओलांडून चालत आला. अंगात पलीकडचा गणवेश, घामानं चिंब.

"फोन ठेवलात हो, हवालदार," तो म्हणाला. आवाजावरून काकांनी ओळखलं. रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "वाटलं, परत लावला तरी ठेवाल. मग चालत आलो. आमच्या फाटकातून सुटला, हिरव्या ताडपत्रीचा टेम्पो आहे."

टेम्पो रांगेतच होता. भाजीच्या खोक्यांमागे शाळकरी वयाची पोर मिळाली, पाय आखडलेले, तोंड बांधलेलं. दोघा थकल्या माणसांनी तिला दोन बाजूंनी धरून खाली उतरवलं.

पुढे साहेबांचा सत्कार झाला, सहकार्याबद्दल. जमादाराला विनापरवाना हद्द ओलांडल्याची नोटीस, काकांना विनाहुकूम फाटक पाडल्याची. भांडायचं तरी किती आणि कोणाशी?

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"लाइन ठीक."

"ठीक," काका म्हणाले, पण फोन ठेवला नाही. "पुढे?"

"पुढे काही नाही. ठेवा आता."

"नको," काका म्हणाले. "आधी तुम्ही ठेवा."