या पायाला पाणी लावायचं नाही

जानेवारीत वारज्याच्या चर्चमध्ये नवे पाळक आले, अभय रणभिसे. वय अवघं बत्तीस. आल्याआल्या त्यांनी सगळ्या मंडळीला एकेक छापील कागद वाटला: 'माझी कृपादाने'. देवाने तुम्हाला काय दिलंय त्यावर खूण करा. गायन, वाद्य, संडे स्कूल, प्रार्थना, वेदीची सजावट, पाहुण्यांचं स्वागत, व्हिडिओ. ललिताबाई हिवाळेंनी तो कागद दोनदा वाचला. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या या बाईला त्यातलं एकही येत नव्हतं. त्या गायला लागल्या की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघत. शेवटी 'इतर'पुढे त्यांनी लिहिलं: जखमांचं ड्रेसिंग. त्या कागदाचं पुढे काय झालं? फाईल झाली.

फेब्रुवारीत त्यांना सोनबा भेटला. त्यांच्या सोसायटीशेजारी नवी इमारत उठत होती, तिथला वॉचमन, मुळशीकडचा. सोनबा दिसायच्या आधी ललिताबाईंना वास आला. चौतीस वर्षांत नाक तयार झालेलं असतं.

"बूट काढा."

"कशापायी?"

"काढा म्हणते ना!"

बुटात खडा होता. दोन दिवस सोनबा त्या खड्यावर उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता, कारण साखरेच्या आजाराने पाय कधीच बधिर झाला होता. करंगळीखाली रुपयाएवढी जखम. ललिताबाईंनी त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. डॉक्टरने सरळ सांगितलं: दिवसाआड स्वच्छ ड्रेसिंग, पायावर भार नाही, निदान दोन महिने. नाहीतर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

दिवसाआड रुग्णालयात अर्धा दिवस रांग लावली तर नोकरी जाणार. पाय गेला तरी जाणार. "मी करते ड्रेसिंग," ललिताबाई म्हणाल्या. पण करायचं कुठे? त्या तिसऱ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नाही. सोनबाच्या पत्र्याच्या खोलीत सिमेंटची धूळ. मध्ये चर्च होतं. तळमजल्याला संडे स्कूलची खोली, आत बेसिन, नळ, लख्ख ट्यूबलाईट, आणि सोमवार ते शनिवार बाहेर कुलूप.

किल्ली सेक्रेटरी रंगनाथ त्रिभुवनांकडे होती. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. लॉकरची सवय अजून सुटली नव्हती.

"सलाम सिस्टर. त्या खोलीत मुलं बसतात हो."

"रविवारी बसतात. मला मंगळवार, गुरुवार, शनिवार द्या."

"आत्ताच नवं कार्पेट टाकलंय. वास बसेल."

"मग गुंडाळा कार्पेट."

"शिवाय तो आपल्या मंडळीतला नाही. दिवस कसे आहेत बघताय ना? उद्या कोणी उठेल आणि म्हणेल, हे लोक धर्मांतर करतात."

"रंगनाथराव, मी त्याच्या पायाचं ड्रेसिंग करणार आहे. पायाला बाप्तिस्मा देणार नाहीये!"

"कमिटीपुढे ठेवतो," रंगनाथराव म्हणाले. कमिटी भरली. ईस्टरला कोणती फुलं आणायची यावर पाऊण तास चर्चा झाली आणि किल्लीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक ईस्टरनंतर.

तेव्हा ललिताबाई चर्चच्या पायरीवर बसू लागल्या. खाली वर्तमानपत्र, त्यावर उकळलेलं फडकं, सलाईनची बाटली, गॉज. सोनबाचा पाय उशीवर. रस्ता दहा पावलांवर. एक टेम्पो गेला की धुळीचा लोट थेट अंगावर. पहिल्या तीन आठवड्यांत जखम छान गुलाबी रंग धरू लागली होती. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा पिवळी दिसली तेव्हा ललिताबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि त्या बंद खोलीच्या दाराकडे अशा पाहत राहिल्या की सोनबा घाबरला.

"बाई, माझं काय चुकलं का?"

"तुमचं नाही हो. पाय हलवू नका."

ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार पाच दिवसांवर आला असताना पाळकसाहेब तिथे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. डोळे भरून आले होते. ललिताबाईंना रडणाऱ्या माणसांचा मुळीच राग नव्हता. रडून झाल्यावर ती काय करतात, एवढंच त्या बघत.

"सिस्टर, मला एक सुचलंय."

त्यांच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळक बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. बारा खुर्च्या, एक घंगाळ, एक टॉवेल. बाराही जण घरून साबणाने पाय घासून येतात. रंगनाथराव त्या दिवसासाठी नवे मोजे घेतात.

"यंदा बाराव्या खुर्चीवर सोनबाजी बसतील," पाळकसाहेब म्हणाले. "मी स्वतः त्यांचे पाय धुईन. सगळ्या मंडळीला दिसेल, सेवा म्हणजे काय. लाइव्हसुद्धा जातं आपलं."

"सायेब काय म्हणत्यात?" सोनबाने विचारलं.

"तुमचा पाय धुवायचा म्हणतात. सगळ्यांदेखत."

"न्हाई बा! माझी बायकू बी बघत न्हाई त्यो पाय."

मग ललिताबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, तेही रागाने.

"अकरा जणांचे पाय बुडवलेल्या पाण्यात हा पाय घालणार? या पायाला पाणी लावायचं नाही, पाळकसाहेब! बोटांच्या फटी कोरड्या ठेवायला मी इथे धुळीत मरतेय. तुमची पाच मिनिटांची सेवा होईल, चारशे लोक बघतील, आणि याचा पाय घोट्यापासून जाईल. देवाने काय दिलंय म्हणून तुम्हीच विचारलंत ना? मी लिहून दिलं. वाचलंत?"

पाळकसाहेबांनी वाचलं नव्हतं.

"मला व्हिडिओ नको. मला बेसिन हवंय."

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्या आत गेल्या नाहीत. पायरीवरच त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. आत गीत सुरू झालं, मग शांतता, मग घंगाळात पाण्याचा आवाज. त्यांनी पट्टी सोडायला घेतली आणि आतला आवाज थांबला.

दारात पाळकसाहेब उभे. कमरेला टॉवेल, बाह्या वर. मागे रंगनाथराव, एका पायात नवा मोजा, दुसरा पाय ओला.

"किल्ली द्या, रंगनाथराव."

"पण कमिटीने अजून..."

"मी मागतोय ना."

कुलूप उघडलं. सोनबाला पाय टेकवायचा नव्हता, म्हणून दोघांनी हातांची खुर्ची करून त्याला आत नेलं. नव्या कार्पेटवर रंगनाथरावांच्या ओल्या पावलाचे ठसे उमटत गेले.

"आता काय करू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत." ते धुऊन आले. "पुन्हा."

पट्टी सुटली तसा वास खोलीभर झाला. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"तोंड फिरवायचं तर फिरवा. टाच सोडू नका."

त्यांनी टाच सोडली नाही. तोंडही फिरवलं नाही, हे ललिताबाईंनी पाहिलं. पण कौतुक वगैरे केलं नाही. तिकडे चर्चमध्ये अकरा माणसं अनवाणी बसून वाट बघत होती. बसू देत.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी डॉक्टरने सोनबाची करंगळी काढली. बाकी पाय राहिला. महिनाभराने जखम भरली, तेव्हा पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, "देवाची स्तुती असो सिस्टर, पाय वाचला!"

"पाय वाचला. बोट कमिटीने नेलं," ललिताबाई गॉज कापता कापता म्हणाल्या. "खोली महिनाभर आधी मिळती तर तेही राहिलं असतं. आणि किल्लीची दुसरी प्रत करून घ्या. सोनबाच्या साइटवर आणखी दोघांचे पाय बघून आलेय मी."