घरभेटीचा आदेश

वॉर्डात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला घरीदारी सगळे सिस्टरच म्हणत. नोकरी सोडून ती आरोग्य अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला गेली, तेव्हा लोकांना वाटलं, शिकवायची हौस असेल. हौस वगैरे काही नव्हती. तिला एका माणसाची वाट पाहायची होती.

धाकटा भाऊ दुसऱ्या गावात राहायचा. मधुमेह होता, पायाला जखम झाली. ऑपरेशन नीट झालं, पण चौथ्या दिवशी खाट रिकामी हवी म्हणून त्याला घरी धाडलं. पूर्वी अशा रुग्णाकडे एक दिवसाआड घरभेटीची नर्स जायची. ती पदं त्याच वर्षी रद्द झाली होती. दहाव्या दिवशी भावाचा फोन आला. "बरा आहे गं ताई. नुसता वास येतोय."

सिस्टर हातातलं काम टाकून धावली. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. महिन्याभरात भाऊ गेला. पदं रद्द केल्याचा आदेश तिने खटपट करून मिळवला. खाली एका उपसचिवाची सही होती.

केंद्रात ती एकच गोष्ट घोकवून घ्यायची: इस्पितळाचा नकाशा इमारतीच्या दारापाशी संपवू नका, रुग्णाच्या घरापर्यंत काढा. मनापासून शिकवायची. पण दर तुकडीची यादी आली की आधी नावांवरून बोट फिरवायची.

सातव्या वर्षी ते नाव आलं. साहेब आता बरेच वर चढले होते.

तिने त्यांना नाव खोडलेली भावाची फाइल दिली आणि रुग्णाच्या वाटेने घरापर्यंत जाऊन यायला सांगितलं. साहेब औषधांच्या रांगेत उभे राहिले, दोन बस बदलल्या, तीन जिने चढले. डिस्चार्जच्या कागदावर दिलेल्या इस्पितळाच्या नंबरवर फोन लावला, कुणी उचलला नाही. परतले तेव्हा शर्ट भिजला होता.

दुसऱ्या दिवशी बावीस अधिकाऱ्यांसमोर त्यांनी निष्कर्ष मांडला, की घरच्यांनी हलगर्जी केली.

सिस्टरने एक कागद त्यांच्या हाती ठेवला. "मोठ्याने वाचा, साहेब. सहीसकट."

पहिल्या दोन ओळी त्यांनी खणखणीत आवाजात वाचल्या. मग आवाज बसला. ते थांबले, तशी ती म्हणाली, "पुढे." शेवटी त्यांना स्वतःचं नाव वाचावं लागलं. मग तिने फाइलवर खोडलेलं नाव सांगितलं, आणि नातंही.

चहाच्या सुट्टीत ते तिच्या टेबलाशी आले. मला एकट्याला सांगता आलं असतं, म्हणाले.

"एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही विसरला असता."

माफी त्यांनी मागितली नाही. तक्रार मात्र केली, आणि पुढच्या वर्षी सिस्टरला केंद्राने बोलावलं नाही. त्या तुकडीतल्या दोघी अधिकाऱ्यांनी आपापल्या भागात घरभेटी पुन्हा सुरू केल्या, ही बातमी तिला नंतर कळली. बरं झालं, एवढंच ती म्हणाली.

भावजयीने विचारलं, आता तरी मन शांत झालं का?

सिस्टर भाजी निवडत होती. "नाही," ती म्हणाली. "पण त्या साहेबाचा तो बसलेला आवाज आठवला, की मला बरं वाटतं."

भावजयीनेही समोरची अर्धी जुडी ओढून घेतली.