जुन्या लाईनीवरचे पाच मैल

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याने लिलावातली एक जुनी ॲम्ब्युलन्स घेतली. सोलापुरात त्याचं गॅरेज होतं. गाडीत झोपायला फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याचं पिंप, खिडक्यांना माझ्या साडीचे पडदे, असा सगळा संसार मांडून आम्ही आठवडाभर फिरायला निघालो. बरोबर त्याचा एक मित्र होता आणि माझे सासरे. सासऱ्यांना घ्यायचा हट्ट माझा.

सासरे रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज लाईन पायी तपासायची, सैल चाव्या ठोकून बसवायच्या. केम स्टेशनच्या बाजूला लाईनीचं वळण काढून ती सरळ केली, तेव्हा त्यांच्या वाटणीचे रूळ उचलले गेले. उरलेल्या भरावावर दुष्काळी कामात मुरूम पडला आणि त्याची पायवाट झाली. ती एकदा चालायची, एवढंच त्यांनी मुलाकडे मागितलं होतं.

एका सकाळी नवऱ्याने आम्हा दोघांना भरावाच्या टोकाशी उतरवलं. "पाच मैलांवर जुनं फाटक आहे, तिथं गाडी घेऊन थांबतो," तो म्हणाला.

"तू बी चल की," सासरे म्हणाले.

"मला नाही जमायचं, अण्णा. हिला न्या."

निघालो. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे लाल मुरूम. सासरे भरभर चालत होते, मीच मागे पडत होते. ओढ्यावरच्या एका मोरीपाशी ते थांबले.

"हितं रूळ तुटला हुता, पोरी. थंडीत तुटतो. मेल यायची वेळ झालेली. लाल झेंडी घिऊन पळत सुटलो. गाडी थांबली ती पार माझ्यापशी यिऊन."

"मग साहेब काय म्हणाले, मामा?"

"शाबास म्हणले. घरी यिऊन ह्याला सांगाय गेलो, तर म्हणला, बास करा अण्णा, अभ्यास हाय." ते हसले. "शाना हुता लई."

फाटकापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाडी नव्हती. वॉटरबॅगमधलं पाणी संपलेलं. आम्ही फाटकवाल्याच्या पडक्या खोलीच्या सावलीला बसलो.

"टायर गेला आसंल," सासरे म्हणाले. तासाभराने म्हणाले, "रस्ता चुकला आसंल." शेरडं राखणाऱ्या एका बाईने आम्हाला पाणी पाजलं. "कुणाची वाट बघताय?" तिनं विचारलं, तर सासरे म्हणाले, "न्हाय, बसलोय आपलं."

गाडी आली चार वाजता. नवरा आणि मित्र दोघंही खुशीत होते.

"टायर गेला हुता का?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे हो! टेंभुर्णीला मटण फार झकास मिळतं म्हणून गेलो, आणि जेवून तिथंच डोळा लागला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा टाक बघू."

मित्राने सासऱ्यांना विचारलं, "काय बघितलंत एवढं?" त्यांनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "खडी मोजली असेल, दुसरं काय!" दोघं खदखदून हसले.

मोरीजवळची गोष्ट मला माहीत होती. सांगता आली असती. मामा दिवसभर उपाशी होते, हेही सांगता आलं असतं. मी स्टोव्हला पंप मारत राहिले, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याकडे बघून थोडं हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला सासरे पिशवी घेऊन खाली उतरले. "माझ्याकडं पास हाय. मी रेल्वेनं जातो." मुलाने एकदाच थांबा म्हटलं. मी पाया पडले, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते धाकट्या मुलाकडे राहायला गेले. आमच्या घरी पुन्हा आले नाहीत. "म्हातारी माणसं हट्टी असतात," नवरा सगळ्यांना सांगायचा, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवायचे. त्याचा कधी आला नाही इतका राग मला माझा येतो.