दानेफबाई सुवेलिहला गेल्या

अम्मानजवळच्या वादी सीरमध्ये, पिढ्यांमागे डोंगराळ मुलखातून इथं येऊन वसलेल्या आम्हा चेर्केस लोकांच्या क्लबात, दानेफबाईंनी सव्वीस वर्षं मुलींना नाच शिकवला आणि मुलांना धाकात ठेवलं. सकाळी त्या टपाल कचेरीत असायच्या, चारला क्लबाचं कुलूप उघडायच्या. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं होते, कायम मागच्या ओळीत. पुढे का घेत नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाय बरे आहेत गं तुझे, पण नाचताना ओठांवर आकडे दिसतात."

आमच्या नाचात मुलगी चालत नाही, वाहते. लांब झग्याखाली पाय भराभर पडतात, डोकं मात्र तसूभर हलता कामा नये. अंगणात खांद्याएवढी भिंत होती. आम्ही तिच्या पलीकडून जायचो, बाई अलीकडे उभ्या. कुणाचं डोकं वरखाली झालं की ओरडायच्या, "उंट आला!"

मुलांमध्ये बिसलान सगळ्यांत तयारीचा. तेवीस वर्षांचा, अंगात वारं. अम्मानच्या एका कार्यक्रमात त्यानं अकॉर्डियनवाल्याला डोळा मारला आणि लय दुप्पट करून घेतली. त्याच्यासोबतची जान्सुरात त्याला गाठता गाठता अक्षरशः पळत होती. लोकांनी टाळ्या-शिट्ट्या वाजवल्या.

"टाळ्या ऐकल्यात ना बाई?" आत येत त्यानं विचारलं.

"ऐकल्या. जान्सुरातची धापही ऐकली. तू एकटाच नाचत होतास, की सोबत कोणी होतं?"

"लोकांना आवडलं, अजून काय पाहिजे?"

"पुढच्या खेपेला दुसऱ्या ओळीत उभा राहा."

तो दुसऱ्या ओळीत उभा राहिला नाही. सहा मुलांना घेऊन बाहेर पडला आणि जवळच्याच सुवेलिह गावात स्वतःचा वर्ग काढला. आमचा पुढचा कार्यक्रम बारा दिवसांवर होता आणि मुलं उरली होती अकरा. बाईंनी तलवारींचा नाच काढून टाकला, मुलींचा लांबवला, मुलांना अर्धगोलात उभं केलं. कार्यक्रम झाला. बिसलानबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत, आम्हालाही बोलू दिलं नाही. त्याच्याकडे भिंतभर आरसे आहेत, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा फक्त "बरं" म्हणाल्या.

तीन वर्षांनी एका दुपारी तो क्लबात आला. मी झग्याची शिवण घालत बसले होते. बाईंनी सांगेपर्यंत तो बसला नाही.

"बाई, माझ्या मुली उड्या मारतात हो. काय करू?"

"किती जणी?"

"चौदा. उंटांचा तांडाच आहे."

बाईंना हसू आलं. "त्या आरशांवर चादरी टाक. आरशात बघणारी मुलगी मान वळवते, मग सगळंच हलतं. मंगळवारी येईन."

ही गोष्ट आठवड्याभरात कमिटीच्या कानावर गेली. अध्यक्ष हाजी कांबुलात वयानं मोठे, त्यामुळे ते खोलीत आले तसे आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"दानेफ, क्लब फोडणाऱ्याला आपली विद्या द्यायची?"

"मुली इथल्या आपल्या, तशा तिथल्याही आपल्याच ना, हाजी?"

"ते मला शिकवू नकोस. एक जागा निवड."

"इथं जान्सुरात तयार आहे, तिला बसवा. तिथं कोणीच नाही."

हाजींना हे खरं वाटलं नसावं. बाई रागावून रडतील, विनवतील, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी क्लबाच्या किल्लीसाठी हात पुढे केला आणि बाईंनी त्यावर किल्ली ठेवली. नंतर मला म्हणाल्या, घरी जाताना हात सारखा पर्समध्ये जात होता.

क्लबात जान्सुरात शिकवू लागली. पहिल्या वर्षी चार मुली सोडून गेल्या, नंतर वर्ग भरला. बाई तिच्या वर्गात कधी डोकावल्या नाहीत. ती अडली की घरी जाऊन विचारायची.

बाई आता अडुसष्टच्या आहेत. गुडघे गेले, सुवेलिहला खुर्चीत बसून शिकवतात. बिसलानचं टक्कल पडलंय, पण घाई तीच. मागच्या महिन्यात अकॉर्डियनच्या लयीवरून दोघांचं इतकं वाजलं, की बाई दोन आठवडे गेल्याच नाहीत. तिसऱ्या मंगळवारी तो चीज भरलेल्या तळलेल्या करंज्यांचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

"लय तुम्ही म्हणाल ती," तो म्हणाला.

"डबा आत ठेव, मी शाल घेते," बाई म्हणाल्या.